आधी अंतर, मग ओळख : दोन कुत्र्यांना सोबत चालायला शिकवताना

मे महिन्याच्या सुट्टीत मी इंदूरला मावशीकडे गेले तेव्हा तिच्या घरात दोन कुत्री होती आणि त्यांच्यामधलं दार कायम बंद होतं.

दाराच्या अलीकडे ब्रूनो. आठ वर्षांचा लॅब्रेडॉर, काकांचा जीव की प्राण. काका मागच्या वर्षी गेले, तेव्हापासून तो फाटकाच्या बाहेर जेमतेम जायचा आणि लगेच परत फिरायचा. दाराच्या पलीकडे जलेबी. दीडेक वर्षाची गावठी कुत्री. मावशी तिला गल्लीत पोळी घालायची. एका संध्याकाळी स्कूटरचा धक्का लागून तिचा मागचा पाय दुखावला आणि मावशीने तिला उचलून घरात आणलं. पाय बरा झाला, जलेबी मात्र परत गेली नाही. आनंद झाला की स्वतःभोवती गोल गोल फिरते, म्हणून जलेबी. इंदूरमध्ये दुसरं काय नाव ठेवणार!

मावशीचं वय एकसष्ट. दोघांना वेगवेगळं फिरवायचं म्हणजे दिवसातून चार फेऱ्या. तिच्याने ते होत नव्हतं. मी आल्या आल्या फुशारकी मारली, "मावशी, त्यात काय? दोघांची ओळख करून देऊ, होतील दोस्त." दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी मी ब्रूनोला धरलं, मावशीने जलेबीला धरलं आणि आम्ही त्यांना नाकासमोर नाक आणून उभं केलं. दोन्ही पट्टे आखडून धरलेले. पुढचं सगळं दहा सेकंदांत झालं. ब्रूनोच्या कानाला दात लागला, मावशी घसरून पडली आणि तिचं मनगट सुजलं.

शेजारच्या काकूंनी सल्ला दिला, "जिथून आणली तिथे सोडून द्या." मावशीने मनगटाला बर्फ लावत एवढंच म्हटलं, "तू आहेस तोवर बघू. वीस दिवसांत नाही जमलं, तर हिच्यासाठी दुसरं घर शोधते."

त्या वीस दिवसांत मी जे वाचलं, पशुवैद्यांना विचारलं आणि लालबागच्या रस्त्यावर करून पाहिलं, ते इथे मांडते आहे. आपल्या मंडळातल्या निम्म्या जणांच्या घरी एखादं कुत्रं असेलच, आणि दुसरं आणायचा हट्ट कुणीतरी धरून बसलेलं असेल. त्यांना उपयोग होईल.

चूक कुठे झाली?

आपण माणसं ओळख करून देतो ती समोरासमोर. डोळ्यांत बघायचं, हात पुढे करायचा, "हा अमुक, ही तमुक." कुत्र्यांच्या शिष्टाचारात हे नेमकं उलटं आहे. अनोळखी कुत्र्याकडे सरळ रेषेत चालत जाणं आणि डोळ्यांत रोखून बघणं म्हणजे आव्हान. दोन सभ्य कुत्री मोकळी असली तर एकमेकांकडे अर्धवर्तुळात येतात, मान वळवतात, मध्येच जमीन हुंगतात, मग एकमेकांची मागची बाजू हुंगतात आणि दोन-तीन सेकंदांत बाजूला होतात.

पट्टा आखडलेला असला की यातलं काहीच करता येत नाही. वळण घ्यायला जागा नाही. मागे हटायला जागा नाही. शिवाय पट्टा वर खेचला गेला की कुत्र्याची छाती पुढे येते, मान उंच होते आणि समोरच्याला ते "ये, बघून घेतो" असं दिसतं. बिचारं मनातून घाबरलेलं असतं, तरी त्याचं शरीर भांडणाची भाषा बोलत असतं. म्हणजे आम्ही दोघींनी मिळून त्यांच्या तोंडी नको ते वाक्य घातलं होतं.

आधी वाचायला शिका

टुरिड रुगास नावाच्या नॉर्वेच्या प्रशिक्षक बाईंनी कुत्र्यांच्या या समजूतदार खुणांवर एक छोटं पुस्तक लिहिलं आहे. त्या खुणा एकदा कळल्या की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा वेगळी दिसायला लागतात. झोप आलेली नसताना जांभई, समोर खाणं नसताना जिभेने नाक चाटणं, तोंड दुसरीकडे वळवणं, एकदम जमीन हुंगायला लागणं. या सगळ्याचा अर्थ साधारण एकच: "मला भांडायचं नाही, जरा दमाने घे."

याच्या उलट, शरीर ताठ होणं, तोंड घट्ट मिटणं, नजर न हलणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, मानेवरचे केस उभे राहणं ही ताणाची लक्षणं. तिथे थांबायचं आणि अंतर वाढवायचं.

शेपटीबद्दल आपला एक मोठा गैरसमज आहे. शेपटी हलते म्हणजे कुत्रं खूश, असं नाही. सैल, रुंद, कमरेपासून हलणारी शेपटी वेगळी आणि उंच धरून काठीसारखी थरथरणारी वेगळी. इटलीतल्या संशोधकांनी 2007 साली दाखवून दिलं की मालकाला बघून कुत्र्याची शेपटी उजवीकडे जास्त झुकते आणि अनोळखी, दांडग्या कुत्र्याला बघून डावीकडे. एवढं बारीक रस्त्यावर आपल्याला दिसणार नाही, पण शेपटी एकच गोष्ट सांगत नाही हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

तयारी

रस्त्यावरून आणलेलं कुत्रं घरातल्या कुत्र्याजवळ नेण्याआधी पशुवैद्यांना दाखवायचं. रेबीजची आणि इतर आजारांची लस, जंतांचं औषध, गोचिडांचा बंदोबस्त हे सगळं आधी. नसबंदी झाली नसेल तर तीही विचारून घ्यायची, कारण मादी माजावर असताना ओळखपरेडचा कार्यक्रम काढण्यात अर्थ नाही. दुखणं आहे का हेही बघायचं. दुखणारा सांधा हे चिडचिडीचं मोठं आणि दुर्लक्षित कारण आहे. आमच्या पशुवैद्यांनी जलेबीचा पाय पुन्हा तपासला, ब्रूनोचा कान साफ केला आणि चार-पाच दिवस दोघांना भेटवू नका म्हणून बजावलं. भांडणानंतर शरीरातला ताण लगेच उतरत नाही.

ते दिवस वाया गेले नाहीत. ब्रूनोचं अंथरूण जलेबीच्या खोलीत टाकलं, जलेबीचं ब्रूनोकडे. कुत्र्यांची अर्धी ओळख नाकाने होते, ती बंद दारातूनही होऊ शकते. त्याच दिवसांत दोघांना एकेकटं नीट चालायला शिकवलं. ही पायरी लोक गाळतात. एकटं असताना जे कुत्रं ओढतं, ते जोडीने दुप्पट ओढतं.

साधी पद्धत अशी. पट्टा ताणला की आपण झाडासारखं उभं राहायचं. ओरडायचं नाही, झटका द्यायचा नाही. कुत्र्याने वळून बघितलं, पट्टा सैल झाला, की पुन्हा चालायचं. आपल्या गुडघ्याजवळ चालत असलं की तिथल्या तिथे खाऊ द्यायचा. पहिल्या दिवशी जलेबीबरोबर शंभर पावलं चालायला मला वीस मिनिटं लागली. तिसऱ्या दिवशी तिला कळलं की ओढलं की गाडी थांबते.

सामान थोडकं लागतं: छातीला बसणारा हार्नेस आणि दीड-दोन मीटरची साधी लीश. आपोआप गुंडाळली जाणारी लांब दोरी नको, दोन कुत्र्यांच्या पायांत तिचा गुंता होतो. गळा आवळणारी साखळी किंवा काट्यांचा पट्टाही नको. दुसऱ्या कुत्र्याला बघताच गळ्याला दुखलं, तर दुखण्याचा आळ त्या दुसऱ्या कुत्र्यावर येतो. खाऊ म्हणून उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे नखाएवढे तुकडे, मीठ-मसाला न घातलेले. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका कुत्र्यांना विषारी असतात. आणि हो, इंदूरची शेवही नाही, ब्रूनोने कितीही केविलवाणं तोंड केलं तरी.

लालबागची भिंत

आता मुख्य भाग. याला समांतर चालणं म्हणतात. दोन कुत्री, दोन माणसं, एकच दिशा आणि मध्ये भरपूर अंतर. भेटवायचं नाही, फक्त चालायचं.

जागा दोघांच्याही मालकीची नसलेली हवी. घराचं फाटक ब्रूनोचं, गल्ली जलेबीची. म्हणून आम्ही लालबाग पॅलेसच्या बाहेरचा रस्ता निवडला. होळकरांचा हा राजवाडा. 1886 ला काम सुरू झालं आणि 1921 ला, तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात, पुरं झालं. त्याचं लोखंडी फाटक लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकाच्या धर्तीवर केलेलं आहे. आम्हाला मात्र त्या वैभवातलं काही नको होतं. आम्हाला हवी होती ती आवाराची लांबलचक भिंत, म्हणजे एका बाजूने तरी अचानक कुणी येणार नाही.

वेळ पहाटे साडेपाचची. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि डांबर रात्रीपर्यंत तापलेलं राहतं. हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघायची. आपल्याला सहन झालं नाही, तर त्यांच्या पंजांनाही होणार नाही.

मावशीचं मनगट अजून दुखत होतं, म्हणून जलेबीला मी घेतलं आणि ब्रूनोला शेजारच्या आजोबांनी. आजोबा इंदूरच्या जुन्या मराठी घरातले. त्यांच्या मराठीत मधूनच हिंदी डोकावते. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "अगं, होळकरांचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. खंडोबाजवळ कुत्र्याला मान असतो, माहीत आहे ना? मग या गावात कुत्र्याला हाकलायचं कसं? चल, बघू कोशिश करून."

पहिल्या दिवशी आमच्यात रस्त्याची पूर्ण रुंदी आणि वर थोडं, म्हणजे पंधराएक मीटर अंतर होतं. नियम सोपा: कुत्रं दुसऱ्याला बघून परत आपल्याकडे बघू शकतंय, खाऊ घेऊ शकतंय, जमीन हुंगू शकतंय, इतकं अंतर ठेवायचं. खाऊ नाकारला, नजर खिळली, तर अंतर कमी पडतंय. जलेबीने ब्रूनोकडे पाहिलं की मी शांतपणे "छान" म्हणून चिकन द्यायची. आजोबांकडे पनीर. तो दिसला की काहीतरी चांगलं मिळतं, हे गणित तिच्या डोक्यात बसायला हवं होतं. पंधरा मिनिटांत घरी परत. सगळं नीट चाललेलं असतानाच संपवायचं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडा बदल केला. ब्रूनो पुढे, जलेबी मागे, मग उलट. मागच्याला पुढच्याने हुंगलेल्या जागा हुंगू द्यायच्या. दगड, खांब, झाडाचं बूड. कुत्र्यांसाठी ही वर्तमानपत्रं असतात. समोरासमोर न येता एकमेकांबद्दल सगळं वाचून होतं. चौथ्या दिवशी ब्रूनोने ज्या खांबावर पाय वर केला, तिथे जलेबी अर्धा मिनिट नाक लावून उभी राहिली आणि मग तिने अंग झटकलं, भिजल्यावर झटकतात तसं. ताण उतरल्याची ती खूण.

मग अंतर दहा मीटर, सहा, तीन. रोज कमी करायचं असं नाही. सहाव्या दिवशी एक फटफटी फाडकन गेली, ब्रूनो दचकला आणि गुरगुरला. आम्ही निमूट दहा मीटरवर परत गेलो. मला वाईट वाटलं. आजोबा म्हणाले, "पाढे विसरलं की पोरगं नापास होतं का? पुन्हा म्हणायचे."

तीन मीटरनंतर दोघांना शेजारी घेतलं, पण मध्ये आम्ही दोन माणसं. त्यानंतर एक माणूस बाहेर. दहाव्या दिवशी दोघं शेजारी होते आणि पट्टे सैल. मग चालता चालता हुंगायला दिलं: मनात एक-दोन-तीन म्हणायचं, "चला" म्हणून हसत पुढे निघायचं. तीन सेकंदांची भेट. ती संपली तेव्हा ब्रूनोने शेपटी कमरेपासून हलवली. आम्ही दोघांनी आवंढा गिळला.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचं काय, हा प्रश्न येईलच. त्यांचे इलाखे ठरलेले असतात. लांबून दिसली की रस्ता बदलायचा किंवा उभ्या गाडीच्या आडून वळण घेऊन जायचं. पळायचं नाही, दगड उचलायचा नाही. जवळ आलीच तर मूठभर खाऊ त्यांच्या दिशेला फेकून आपण उलट्या बाजूने निघायचं.

दोघं आणि एकच माणूस

खरी परीक्षा ही होती, कारण मी गेल्यावर मावशी एकटीच असणार होती.

प्रत्येकाची बाजू ठरवून टाकली. ब्रूनो डावीकडे, जलेबी उजवीकडे, रोज तसंच. लीश मनगटाला गुंडाळायची नाही, जोराचा हिसका बसला तर हाड मोडतं. मुठीत धरायची. चाल नेहमी हळू चालणाऱ्याची, म्हणजे आमच्याकडे ब्रूनोची. एकाच लीशला दोन फाटे काढून दोन कुत्री जोडायची सोय बाजारात मिळते. वय, उंची आणि चाल सारखी असली तरच ती चालते. आमच्याकडे एक आजोबा आणि एक धावपटू, तेव्हा नकोच.

आणि आठवड्यातून दोनदा तरी प्रत्येकाला एकेकटं न्यायचं. जोडी जमली म्हणजे एकट्याची ओळख पुसायची नसते.

"कोण लीडर, ते एकदा ठरू द्या, मग शांत होतील," असं मला तिघांनी सांगितलं. या समजुतीचं मूळ बंदिस्त लांडग्यांच्या जुन्या अभ्यासांत आहे. डेव्हिड मेक या शास्त्रज्ञाच्या 1970 सालच्या पुस्तकाने ती खूप पसरवली, आणि 1999 साली त्यांनीच लिहिलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, तिथे गादीसाठी मारामाऱ्या चालत नाहीत. बुडापेस्टच्या संशोधकांनी 2014 साली एकाच घरातल्या सहा कुत्र्यांना जीपीएस बांधून त्यांच्या फेऱ्या मोजल्या. कोण पुढे चालतं याचा एक कल दिसला, पण एकाच फेरीत पुढचा-मागचा अनेकदा बदलतही होता. तेव्हा "ठरू द्या" म्हणून भांडू देणं हा उपाय नव्हे.

घरात

पहिल्यांदा घरात एकत्र आणायचं ते फेरीनंतर, दोघं दमलेली असताना, एकाच वेळी. त्याआधी हाडं, खेळणी, वाडगे उचलून ठेवायचे. जेवण वेगळ्या खोल्यांत, दार लावून. पाण्याची भांडी दोन, अंथरुणं दोन. दार, जिना, पलंगाखालची बोळ अशा चिंचोळ्या जागांवर लक्ष ठेवायचं, कारण तिथे पुन्हा समोरासमोर यावं लागतं. आपण घरी नसताना दोघं वेगवेगळी.

गुरगुरण्याबद्दल रागवायचं नाही. गुरगुरणं म्हणजे सूचना. ती दिल्याबद्दल मार बसला, तर पुढच्या वेळी कुत्रं सूचना न देता चावतं. भांडण झालंच, तर मध्ये हात घालायचा नाही. पाणी ओतायचं, ताटं वाजवायची, मध्ये पाट किंवा खुर्ची सरकवायची. आपल्याला दात लागला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टरांकडे जायचं, घरचं कुत्रं असलं तरी.

एक खरं सांगायला हवं. सगळ्या जोड्या जमत नाहीत. आठवडे गेले, अंतर कमीच होत नाही, भांडणं रक्तावर येतात, तेव्हा जाणकार प्रशिक्षकाला बोलवावं. तरीही नाही जमलं, तर एकासाठी चांगलं घर शोधणं यात पाप नाही. पण जिथून आणली तिथे सोडून देणं हा वेगळा प्रकार आहे. घराची सवय झालेलं कुत्रं त्या गल्लीतही परकं झालेलं असतं.

अठरावा दिवस

अठराव्या दिवशी मावशीचं मनगट बरं होतं. पहाटे तिने डावीकडे ब्रूनो घेतला, उजवीकडे जलेबी आणि मला म्हणाली, "तू मागून ये. मध्ये बोलू नकोस." मी आणि आजोबा वीस पावलं मागे राहिलो.

भिंत संपते तिथे रस्त्यापलीकडे एक चहाची टपरी आहे. काका रोज तिथे कटिंग घ्यायचे. ते गेल्यापासून ब्रूनो तिथवर कधी आला नव्हता. त्या दिवशी तो आला आणि थांबला. मावशीही थांबली. जलेबीने एकदा पट्टा ताणला, कुणी हललं नाही तशी वळून बघितलं आणि खाली बसली. ब्रूनो बराच वेळ हवा हुंगत उभा होता. मग तोच आपणहून वळला आणि तिघं घराकडे निघाले.

आता मी मुंबईत आहे. मावशी रविवारी मिस्साहून आली की व्हिडिओ कॉल करते. जेवण अजून वेगळ्या खोल्यांत होतं, आणि ब्रूनोच्या अंथरुणावर बसायची परवानगी जलेबीला अजून मिळालेली नाही. मधलं दार मात्र दिवसा उघडं असतं.